छावला प्रकरण : डीएनए पुराव्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

नवी दिल्ली : दिल्लीतील छावला सामूहिक बलात्कार व हत्या प्रकरणात फाशीची शिक्षा झालेल्या तिघांची सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी मुक्तता केली. डीएनए अहवालाची विश्वासार्हता हा त्या निकालातील कळीचा मुद्दा होता.

घटनाक्रम
नैर्ऋत्य दिल्लीतील छावला परिसरातून ९ फेब्रुवारी २०१२ रोजी रात्री १९ वर्षीय तरुणीचे मोटारीतून अपहरण झाले. पुढे तिचा मृतदेह हरियाणातील रेवाडी जिल्ह्यात आढळला. सत्र न्यायालयाने २०१४ मध्ये तिघांना फाशी सुनावली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाचे आक्षेप
तत्कालीन सरन्यायाधीश उदय लळीत, न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांच्या पीठाने नमुन्यांच्या हाताळणीवर बोट ठेवले. नमुने १४ व १६ फेब्रुवारीला घेतले गेले. मात्र ते केंद्रीय न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे २७ फेब्रुवारीला पाठवण्यात आले. मधल्या काळात ते पोलिसांच्या मालखान्यातच होते. त्यामुळे छेडछाडीची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. तज्ज्ञांनी वापरलेले तंत्र आणि निष्कर्षांचा आधार खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासला नव्हता. ४९ साक्षीदारांपैकी १० महत्त्वाच्या साक्षीदारांची उलटतपासणीही झाली नव्हती. आरोपींना संशयाचा फायदा मिळाला. पुनर्विलोकन याचिका २०२३ मध्ये फेटाळण्यात आल्या.

डीएनए काय सांगतो?
रक्त, वीर्य, केस वा लाळ कोणाची असावी, हे ही चाचणी संभाव्यतेच्या भाषेत सांगते. तो अंश तेथे केव्हा आणि कसा आला, हे ती सांगू शकत नाही. अनेकांचे अंश मिसळलेले किंवा उष्णता-ओलाव्याने खराब झालेले नमुने अर्थ लावण्यास कठीण असतात. स्पर्शातून एका व्यक्तीचे अंश दुसऱ्या जागी पोहोचू शकतात. नमुना बदलला वा दूषित झाला, तर अचूक यंत्रही चुकीचेच उत्तर देते. दुसरीकडे, काटेकोर चाचणी निरपराध व्यक्तीची सुटकाही करू शकते.

पुढील पावले
डीएनए तंत्रज्ञान नियमन विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते २०२३ मध्ये मागे घेण्यात आले. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतील एका खटल्यात फाशीची शिक्षा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी निर्देश दिले. नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावेत आणि त्यांच्या ताब्याची प्रत्येक टप्प्यावर नोंद ठेवावी, असे त्यात नमूद आहे. नोंदीची ही साखळी तुटल्यास आरोपीला न्याय मिळेलच याची शाश्वती राहत नाही. पीडितेच्या कुटुंबालाही नाही.