२८ जूनच्या पत्रामागची पत्रे

२८ जून २०२२ रोजी राजभवनातून निघालेल्या पत्राचा तपशील पक्का आहे. ३० जूनला सकाळी ११ वाजता विधानसभेचे विशेष अधिवेशन, विषय एकच : उद्धव ठाकरे सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव. मतदान सदस्यांना जागेवर उभे करून घ्यायचे, कामकाज संध्याकाळी ५ पर्यंत संपवायचे, तहकूब करायचे नाही. पण सरकारने बहुमत गमावले, हे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी कशाच्या आधारे ठरवले?

त्यासाठी त्यांच्यापुढचे कागद तारखेनुसार लावावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ मे २०२३ च्या निकालामुळे ते आपल्याला वाचता येतात.

पहिला कागद २१ जूनचा : शिवसेनेच्या ३४ आमदारांच्या सह्यांचा ठराव. एकनाथ शिंदे हेच गटनेते, भरत गोगावले प्रतोद, आणि राष्ट्रवादी-काँग्रेसशी केलेल्या आघाडीबद्दल तीव्र नाराजी. नाराजी आहे, सरकारचा पाठिंबा काढून घेतला, असे मात्र त्यात कुठेही नाही. दुसरा २५ जूनचा, ३८ आमदारांचा : कुटुंबीयांचे पोलीस संरक्षण काढले, जिवाला धोका आहे. ही तक्रार गंभीरच, पण तिचा बहुमताशी संबंध नाही. उरलेली दोन पत्रे २८ जूनचीच. सात अपक्ष आमदारांचे एक आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांचे दुसरे. दोन्हींत मागणी बहुमत चाचणीची.

आकडे सगळ्यांना दिसतच होते, असा बचाव केला जातो. मला तो पटत नाही. राज्यपालांचा निर्णय कागदावर टिकला पाहिजे. वृत्तवाहिन्यांवरची मोजदाद म्हणजे पुरावा नव्हे. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानेही एकमताने हेच सांगितले : सरकारने विश्वास गमावल्याचे दाखवणारा वस्तुनिष्ठ आधार राज्यपालांपुढे नव्हता, आणि पक्षातला वाद मिटवण्यासाठी बहुमत चाचणी वापरता येत नाही.

तरीही झालेले उलटले नाही. २९ जूनच्या रात्री न्यायालयाने चाचणीला स्थगिती नाकारली आणि ठाकरे यांनी सभागृहाला सामोरे न जाता राजीनामा दिला. स्वेच्छेने दिलेला राजीनामा रद्द करता येत नाही, म्हणून पूर्वस्थिती आणता येणार नाही, असे पीठाने नमूद केले. ३० जूनला सर्वांत मोठ्या पक्षाच्या, म्हणजे भाजपच्या, पाठिंब्यावर शिंदे यांना पाचारण करणे मात्र त्याच निकालात योग्य ठरले.