माणदेश

माणदेश : महाराष्ट्र पठारावरील माण (माणगंगा) नदीच्या खोऱ्याचा परंपरागत प्रदेश. सातारा जिल्ह्यातील माण तालुका व खटाव तालुक्याचा काही भाग, सांगली जिल्ह्यातील आटपाडी आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोला या तालुक्यांचा त्यात मुख्यत्वे समावेश होतो. जत, कवठे महांकाळ, माळशिरस व मंगळवेढे या तालुक्यांचे लगतचे भागही व्यवहारात माणदेशात गणले जातात. हा शासकीय विभाग नसल्यामुळे त्याच्या सीमा निश्चित नाहीत. समुद्रापासून दूर, तीन जिल्ह्यांत विभागल्या गेलेल्या या मुलखास एकरूपता आली ती अवर्षण, पशुपालन व ऋतुमानानुसार होणारे स्थलांतर यांमुळे.

भूवर्णन : सह्याद्रीपासून पूर्वेकडे गेलेली शंभू महादेव डोंगररांग माणदेशाच्या उत्तरेस असून ती नीरेचे खोरे माणगंगेच्या खोऱ्यापासून वेगळे करते. माणगंगा या रांगेत, माण तालुक्याच्या वायव्य भागात उगम पावते आणि दहिवडी, म्हसवड, सांगोला या भागांतून आग्नेयीस व पूर्वेस वाहत जाऊन पंढरपूर तालुक्यात सरकोलीजवळ भीमेस मिळते. वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडे असते. जमीन बव्हंशी उथळ, मुरमाड व हलक्या प्रतीची असून नदीकाठी काळ्या मातीचे पट्टे आढळतात. माळरानांवर कुसळी गवत, बाभूळ, बोर, हिवर व निंब ही वनस्पती दिसते. बाजरी व रब्बी ज्वारी ही पारंपरिक पिके होत. अलीकडच्या दशकांत सांगोला व आटपाडी तालुक्यांत डाळिंबाच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाढल्या.

हवामान : माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. महाबळेश्वर येथे वर्षाला ५,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो, तर तेथून सु. १०० किमी. पूर्वेस असलेल्या दहिवडीच्या परिसरात तो सर्वसाधारणपणे ५०० मिमी.च्या आसपास राहतो. नैर्ऋत्य मोसमी वारे घाटमाथ्यावर बहुतेक बाष्प गमावून येथे पोहोचतात. त्यामुळे जून ते ऑगस्टमधील पाऊस तुरळक असतो व शेतीची भिस्त सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसावर राहते. हा पाऊसही बेभरवशाचा आहे. उन्हाळा कडक असून तपमान ४०° से.च्या वर जाते.

मेंढपाळी व स्थलांतर : शेतकऱ्याला प्रतिकूल ठरणारे हेच हवामान मेंढीला मात्र मानवते. कोकणातील व घाटमाथ्यावरील मुसळधार पावसात मेंढ्यांचे खूर सडतात व त्या दगावतात. माणदेशातील कोरड्या माळावर त्या पावसाळा सुखाने काढतात. म्हणून धनगर मेंढपाळांचे वाडे पावसाळ्यात आपल्या गावी राहतात व दिवाळीनंतर बाहेर पडतात. (एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांच्या व त्यांच्या कळपांच्या समूहास ‘वाडा’ म्हणतात.) माण, खटाव व लगतच्या फलटण भागातील काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, तर इतर कृष्णा-भीमेच्या बागायती पट्ट्यांकडे वळतात. घोड्यांवर बिऱ्हाड लादलेले असते. रात्री कळप वाघरीच्या जाळ्यात कोंडून शेतात बसवितात. त्यापासून शेतकऱ्यास लेंडीखत मिळते व मेंढपाळास धान्य वा रोख मोबदला मिळतो. पहिल्या पावसापूर्वी वाडे परततात. मंगोलियासारख्या भूवेष्टित देशांतील पशुपालकही ऋतूप्रमाणे कुरणे बदलतात. तेथे कडाक्याची थंडी निर्णायक ठरते, येथे पाऊस. यास दिशाहीन भटकंती म्हणणे चुकीचे होय. वाटा, मुक्काम व यजमान शेतकरी बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात.

दख्खनी व जतकडील माडग्याळ या मेंढ्यांप्रमाणेच खिलार बैलांची पैदास हेही माणदेशाचे वैशिष्ट्य आहे. म्हसवड व खरसुंडी येथील सिद्धनाथाच्या यात्रा प्रसिद्ध असून खरसुंडीचा जनावरांचा बाजार मोठा भरतो. कवठे महांकाळ तालुक्यातील आरेवाडीचा बिरोबा हे धनगरांचे श्रद्धास्थान आहे. धनगरी ओव्यांत देवांच्या स्थलांतराच्या कथा येतात. जर्मन संशोधक गुंथर सोंथायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील आपल्या ग्रंथात (१९७६) त्यांचा संबंध पशुपालकांच्या भूगोलाशी जोडून दाखविला.

इतिहास : प्रारंभीच्या राष्ट्रकूटांच्या एका शाखेची राजधानी मानपूर येथे होती. वा. वि. मिराशी यांच्या मते मानपूर म्हणजे सातारा जिल्ह्यातील माण होय. तथापि हे मत सर्वमान्य नाही. शिखर शिंगणापूरचा संबंध परंपरेने यादव राजा सिंघण याच्याशी जोडतात. तेथील शंभू महादेव हे भोसले घराण्याचे कुलदैवत असून यात्रेकरूंची पाण्याची अडचण दूर करण्यासाठी मालोजी भोसले यांनी तेथे तलाव बांधल्याचे सांगतात. मराठा काळात म्हसवडचे माने हे येथील प्रबळ देशमुख घराणे होते. सेनापती संताजी घोरपडे यांचा १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगरात नागोजी माने याच्याकडून वध झाला. पुढे आटपाडीचा प्रदेश औंध संस्थानात राहिला. भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेस स्वराज्याची घटना दिली. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.

राजवटींपेक्षा दुष्काळांनी या प्रदेशाचा इतिहास अधिक घडविला. १८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून माणगंगेवरील राजेवाडीच्या (म्हसवड) तलावाचे काम हाती घेण्यात आले. १९७२ च्या दुष्काळात हजारो लोक खडी फोडण्याच्या व बांधबंदिस्तीच्या कामांवर गेले. १९९३ पासून आटपाडी येथून पाणी संघर्ष चळवळ उभी राहिली; नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख व भारत पाटणकर हे तिचे नेते होत. कृष्णेचे पाणी दुष्काळी तालुक्यांना मिळावे आणि त्याचे समन्यायी वाटप व्हावे, ही तिची मागणी होती. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी पुढे टप्प्याटप्प्याने या भागात आले. व्यंकटेश माडगूळकर यांच्या माणदेशी माणसं (१९४९) व बनगरवाडी (१९५५) या कृतींमुळे येथील जीवन मराठी वाचकांस परिचित झाले. बनगरवाडीतील धनगरवस्तीही अखेर दुष्काळामुळेच ओस पडते.

बदलती परिस्थिती : १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतील चराईवर निर्बंध आले. त्यानंतर गायराने आक्रसली, माळ लागवडीखाली आले व बागांना कुंपणे पडली. स्थलांतराचे कोकणाकडील टोकही बदलले आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यावर नवी मुंबई वसविताना पनवेल तालुक्यातील खारघरसारख्या गावांच्या शेतजमिनी नागरी वापराखाली गेल्या. खारघर २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे. जेथे भाताची कापणी झालेली खाचरे होती, तेथे इमारती व रुंद रस्ते झाले. कळपास बसावयाला शेत नसेल, तर लेंडीखताच्या मोबदल्यावर चालणारा हा व्यवहारच संपतो. महाराष्ट्र शासनाने धनगर समाजास ‘भटक्या जमाती (क)’ या प्रवर्गात स्थान दिले आहे. परंतु त्यांच्या चराईच्या वाटांना तसे कायदेशीर संरक्षण लाभलेले नाही. कालव्याच्या पाण्याने माणदेशातील शेतकऱ्यास स्थैर्य येऊ लागले आहे. मात्र ज्या मेंढपाळीने पाण्यावाचून हा प्रदेश शतकानुशतके वसता ठेवला, तिच्यासाठी कुरण व वाट राखून ठेवण्याचा प्रश्न पाणीवाटपाइतकाच महत्त्वाचा आहे.