दंडावरची खूण

वाशिम जिल्ह्यात रिसोड, मानोरा, कारंजा, कुठल्याही गावी बाळाची डावी बाही वर सारली की दंडावर बीसीजीचा बारीक वण सापडतो. लस क्षयाची. जन्मल्याबरोबर टोचली जाते, दीड महिन्याच्या सुमारास तिथे फोड येतो, फुटतो, वाळतो आणि घरचे तो विसरून जातात. पण हाच वण कधीकधी दुसऱ्याच एका आजाराची खबर देतो, आणि त्या आजाराचं कूळ टोकियोत आहे.

जानेवारी 1961. टोकियोच्या रेड क्रॉस रुग्णालयात टोमिसाकु कावासाकी या बालरोगतज्ज्ञांपुढे चार वर्षांचा एक मुलगा आला. न उतरणारा ताप, पुरळ, लाल डोळे, फुटलेले ओठ, सुजलेले हात-पाय, मानेत गाठ. माहीत असलेल्या कुठल्याच रोगात हे सगळं बसेना. मुलगा बरा होऊन घरी गेला, पण निदान झालंच नाही. पुढच्या वर्षी तसंच दुसरं मूल आलं, मग आणखी. कावासाकी टिपणं ठेवत गेले आणि 1967 मध्ये त्यांनी 50 मुलांची हकिगत छापली. मला त्यांची थोरवी या चिकाटीत दिसते: निदान झालं नाही हे मान्य करून ते मुलांकडे बारकाईने पाहत राहिले.

रोग आपोआप बरा होतो, असं आधी वाटलं होतं. 1970 च्या जपानभरच्या पाहणीत बरी वाटणारी काही मुलं अचानक दगावल्याचं उघड झालं. शवविच्छेदनात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या फुग्यासारख्या फुगलेल्या आणि आत रक्ताच्या गुठळ्या आढळल्या. मूळ दुखणं रक्तवाहिन्यांच्या दाहाचं होतं. उपचार न मिळाल्यास चारांतल्या एका मुलाच्या धमन्या अशा फुगतात. 1984 मध्ये जपानच्या फुरुशो यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्याने हा धोका घटतो हे दाखवलं. मात्र ते तापाच्या पहिल्या दहा दिवसांत मिळायला हवं.

सगळ्यात फसवं रूप सहा महिन्यांच्या आतल्या बाळात असतं. लक्षणं अर्धवट उमटतात: ताप आणि किरकिर एवढंच, पुरळ आलं तरी दिवसभरात मावळतं. लघवीत पू-पेशी सापडल्या की मूत्रमार्गाच्या संसर्गाचं औषध सुरू होतं, आणि अँटिबायोटिकने ताप हटत नाही. धमन्या फुगण्याचा धोका मात्र याच वयात सर्वांत जास्त.

इथे तो वण कामी येतो. या आजारात बीसीजीची वाळलेली जागा पुन्हा लालभडक होते, सुजते, कधी खपली धरते. जपानच्या निदाननियमांत ही लाली आता पुरळातच धरली जाते. आपल्याकडे तर लस जन्मतःच दिली जाते, म्हणून ही खूण आपल्याला फार मोलाची आहे. ती दिसली नाही म्हणून आजार नाही असं मात्र समजू नये.

आशाताईंना, आज्यांना, तरुण आयांना माझी विनंती आहे. तान्ह्या बाळाचा ताप अंगावर काढू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. औषध चालू असूनही ताप पाच दिवसांपुढे गेला, तर बाळाचा डावा दंड डॉक्टरांना दाखवा आणि विचारा, “हा कावासाकींच्या नावाचा आजार तर नसेल? हृदयाचा टू-डी इको करायचा का?”