बोर्डीचा धडा आणि बोर्लीचा हिंवाळा

लहान मुलांचें शिक्षण पुस्तकाआधीं हातांतून व्हावें, हें तत्त्व आतां इतकें रूढ झालें आहे कीं, त्यास विरोध करणारा मनुष्य विरळाच. परंतु त्या हातांखालीं कोणती वस्तु ठेवावी, हा प्रश्न मात्र अद्याप तितकासा सुटलेला नाहीं.

उदाहरणादाखल श्रीवर्धन तालुक्यांतील बोर्ली पंचतन हें गांव घेऊं. हा मुलूख १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानांत मोडत होता. आज तो रायगड जिल्ह्यांत आहे. येथील हिंवाळा म्हणजे भात कापून मोकळीं झालेलीं शेतें, त्यांच्या उरल्यासुरल्या ओलीवर वाढलेला वाल, अंगणांत वाळत घातलेली सुपारी आणि पहांटेची शेकोटी. बर्फ येथें दिसला तर तो मासळीच्या पेटींत! असें असतांहि 'हिंवाळा' हा विषय निघाला कीं, आपल्याकडील कित्येक शिशुवर्गांत कागदावर कापूस चिकटवून बर्फाचा बाहुला करण्यांत येतो. काम हातांनींच झालें, हें खरें. पण त्या हातांनीं जाणलें काय? याचें उत्तर शोधावयाचें तर बालशिक्षणाचा इतिहास थोडा चाळला पाहिजे. तो चाळतां चाळतां आपण याच किनाऱ्यानें उत्तरेकडे, बोर्लीहून बोर्डीस, जाऊन पोंचतों.

या इतिहासाचा आरंभ मात्र खरोखरच बर्फाच्या देशांत झाला. जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत जन्मलेला फ्रेडरिक फ्रोबेल (१७८२-१८५२) यानें १८३७ मध्यें ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली आणि १८४० मध्यें तिला 'किंडरगार्टन', म्हणजे बालोद्यान, हें नांव दिलें. लोंकरीचे चेंडू, लांकडी गोल, घन आणि दंडगोल यांस तो 'देणग्या' म्हणे. कागदाच्या घड्या, पट्ट्यांचें विणकाम, मातीकाम हे त्याचे उद्योग. प्रशियाच्या सरकारास या निरुपद्रवी खेळांतहि नास्तिक्याचा व समाजवादाचा वास आला, आणि १८५१ मध्यें त्यानें बालोद्यानांवर बंदी घातली. ती १८६० मध्यें उठली, तेव्हां फ्रोबेल हयात नव्हता. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. फ्रोबेलनें तरुणपणीं वनाधिकाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केली होती व पुढें बर्लिनमध्यें स्फटिकांचा अभ्यास केला होता. त्याच्या लांकडी घनांत त्या अभ्यासाची छाया दिसते. अर्थात् त्याचीं साधनें आकाशांतून पडलेलीं नव्हतीं. तीं त्याच्याच अनुभवांतून निपजलीं होतीं.

डॉ. मारिया माँटेसोरी यांची कथाहि अशीच आहे. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत त्यांनीं पहिलें 'बालगृह' उघडलें. दट्ट्यांच्या पेट्या, मनोरा, खरखरीत कागदाचीं अक्षरें हीं त्यांचीं साधनें पुढें जगभर गेलीं. १९३९ मध्यें त्या स्वतः हिंदुस्थानांत आल्या. दुसऱ्या महायुद्धांत इटलीनें उडी घेतांच त्यांचे पुत्र मारिओ यांस अहमदनगर येथें स्थानबद्ध करण्यांत आलें होतें. त्यांची सुटका झाल्यावर हीं मायलेकरें कांहीं काळ कोडाईकनाल येथें राहिलीं, आणि तेथें सभोंवारच्या वनस्पतींवर व प्राण्यांवर आधारलेले पाठ त्यांनीं तयार केले. ज्यांचीं साधनें लोक पवित्र मानून पेटींत जपत होते, त्या बाई स्वतः मात्र अंगणांत उतरून पानें गोळा करीत होत्या!

आपल्याकडे हा विचार रुजविण्याचें श्रेय प्रथम गिजुभाई बधेकांस द्यावें लागेल. वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या गृहस्थांनीं १९२० मध्यें भावनगरास दक्षिणामूर्ति बालमंदिर काढलें. राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाचें प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक (१८९२-१९७३) त्यांस येऊन मिळाल्या, आणि १९२६ मध्यें नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. पुढें ताराबाईंनीं मुंबईंत दादर येथें शिशुविहार चालविला. तेथवर सारें ठीक होतें. पण हीं साधनें विकत घेणें सुखवस्तु पालकांच्याच आटोक्यांतलें होतें. बालशिक्षण हा शहरी मध्यमवर्गाचा एक सुसंस्कृत अलंकार होऊन बसण्याचा धोका त्यांतच होता.

हा धोका ओळखून ताराबाई १९४५ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, बोर्डीस गेल्या. बोर्डी हें तत्कालीन ठाणें जिल्ह्यांतील, आजच्या पालघर जिल्ह्यांतील, समुद्रकांठचें गांव. त्याच वर्षीं त्या टापूंत वारली लोकांनीं वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा उभारला होता. तेथील दारिद्र्याची कल्पना एवढ्यावरूनच यावी. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ (१९१०-१९९२) होत्या. बालवयांतच वैधव्य आलेल्या अनुताई स्वतःच्या हिमतीवर शिकून शिक्षिका झाल्या होत्या. दोघींनीं ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलें. विकतच्या पेट्यांऐवजीं शिंपले, खडे, बिया, काड्या, पानें व फुलें हींच साधनें झालीं. वस्तींतील मुलें केंद्रांत येईनात, तेव्हां केंद्रच त्यांच्या अंगणांत नेण्यांत आलें, आणि 'अंगणवाडी' हा शब्द जन्मास आला. पुढें १९५७ मध्यें हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेलें. तेथें गुरें राखणारीं मुलें शाळेंत येऊं शकत नव्हतीं, म्हणून शाळाच कुरणांत गेली, तीच 'कुरणशाळा'. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हां 'अंगणवाडी' हाच शब्द तिनें स्वीकारला, आणि तो देशभर पसरला.

येथें एक आक्षेप रास्तपणें घेतां येईल. माँटेसोरीबाईंच्या साधनांत क्रम असतो. दट्ट्या चुकीच्या खांचेंत बसत नाहीं, म्हणून मुलास आपली चूक आपणच कळते. मूठभर खडे पुढें टाकले म्हणजे शिक्षण झालें काय? नाहीं, हें निर्विवाद आहे. बोर्डीचा धडा 'कांहींहि चालेल' असा नसून, जवळच्या वस्तूंतच तो क्रम हुडकून काढावा, असा आहे. आणि तें काम विकतची पेटी उघडण्यापेक्षां पुष्कळ अवघड आहे. लहानमोठ्या पांच करवंट्या घांसून एकींत एक बसवावयास द्याव्या. मोठी करवंटी लहान करवंटींत जात नाहीं, हें सांगावयास बाई लागत नाहींत. सुपाऱ्यांचे दहा-दहांचे ढीग करावे. ओली सुपारी व सुकी सुपारी दोन तळहातांवर तोलावी. हीं साधनें बोर्लीच्या प्रत्येक वाडींत पडलेलीं आहेत.

आणि हिंवाळ्याचा खरा पाठ हवा असेल तर आपल्या रायगड जिल्ह्यांतील पोपटीसारखा दुसरा पाठ कोणता? मडक्याच्या तळाशीं भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, वर पुन्हां पाला दाबून तोंड बंद. मग मडकें उपडें ठेवून भोंवतीं पेंढा व काटक्या पेटवावयाच्या. पाण्याचा थेंब घालावयाचा नाहीं. आंतल्या ओलाव्याच्या वाफेवरच शेंगा शिजतात. जाळ मोठ्यांनीं सांभाळावा. परंतु शेंगा खुडणें, किडक्या बाजूस काढणें, मोजणें, पाला चुरडून हुंगणें, हें सारें चार-पांच वर्षांचें मूल आनंदानें करील. पाण्यावांचून शेंगा मऊ कशा झाल्या, हा प्रश्न त्यास कुणी विचारावा लागणार नाहीं. तोच तें आपणांस विचारील. कापसाच्या बाहुल्यानें आजवर कोणत्या मुलास असा प्रश्न पडला आहे?

दूरच्या देशांची ओळख मुलांस होऊंच नये, असें माझें म्हणणें नाहीं. बर्फाची गोष्ट त्यांनीं अवश्य ऐकावी. परंतु ज्यानें आपल्या अंगणांतील थंडी, दंव आणि शेकोटीची ऊब नीट जाणली, त्यासच त्या गोष्टींतील गारठा समजेल. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानें तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीं खेळ व कृति यांवर आधारलेलें शिक्षण सांगितलें आहे. तें सांगणें योग्यच आहे. मात्र 'कृति' म्हणून कापूस व गोंद यांचाच संच घरोघर विकत आणावा लागला, तर ज्या पालकांस तो परवडत नाहीं त्यांचीं मुलें पुन्हां दाराबाहेरच राहतील. तें दार मोडण्यासाठींच दोन स्त्रिया मुंबई-पुण्याची वाट सोडून बोर्डीस गेल्या होत्या. त्यांच्या कार्याचें स्मरण करावयाचें तर या पौषांत प्रत्येक बालवाडीनें निदान एक दिवस मुलांस शेतांत न्यावें आणि वालाची शेंग त्यांच्याच हातांनीं सोलूं द्यावी.