ग्रॅम पार्सन्सची ‘जीपी’ : एका वर्गीकरणाची तपासणी

ग्रॅम पार्सन्स (१९४६–१९७३) या अमेरिकन गायक-गीतकाराची गणना ‘कंट्री-रॉक’ या मिश्र प्रकाराच्या प्रवर्तकांत करण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा खुद्द पार्सन्सला नापसंत होती, आणि जानेवारी १९७३ मध्ये निघालेली त्याची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका ‘जीपी’ हीही तिला फारसा दुजोरा देत नाही.

१९६८ साली बर्ड्‌स या संचाच्या ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांवरून, पूर्वीच्या एका कराराच्या वादापायी, पार्सन्सचा आवाज पुसून तेथे रॉजर मॅग्विनचा आवाज घालण्यात आला होता. ‘जीपी’वर तोच आवाज प्रथम स्वतःच्या नावाने प्रकट झाला, परंतु प्रकट झाला तो जुन्या कंट्री गायकीतून. येथे फिडल व पेडल स्टील गिटार अग्रभागी आहेत. जेम्स बर्टन, ग्लेन हार्डिन हे साथीदार एल्व्हिस प्रेस्लीच्या संचातले. त्यांच्याकडून रॉकची अपेक्षा करणे वावगे नव्हते, तरी त्यांचे वादन संयतच राहते. एमिलू हॅरिस हिचे सहगायन तर कंट्रीतील युगुलगीतांच्या परंपरेतलेच होय.

ध्वनिमुद्रिका खपली नाही. १९ सप्टेंबर १९७३ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, पार्सन्स निवर्तला. त्याची कीर्ती पुढे वाढवली ती मुख्यतः रॉकच्या रसिकांनी, आणि वर्गीकरणही त्यांच्याच सोयीचे रूढ झाले. हॅरिसने मात्र १९७५ पासून ही गायकी कंट्रीच्याच श्रोत्यांपुढे नेली.