पदपथावरील वेधशाळा : सॅन फ्रान्सिस्को येथील एका हौशी खगोलमंडळाचा वृत्तांत

हौशी खगोलमंडळाचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक प्रथम त्या मंडळाचे दप्तर मागतो. वेधांच्या नोंदी, वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्ते ही त्याची साधने होत. ही अपेक्षा अवाजवी नाही. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी १९१२ मध्ये इंग्लंडहून तीन इंची दुर्बीण मागविली आणि पुढे १९५४ पर्यंत रूपविकारी ताऱ्यांचे ३७,२१५ वेध अमेरिकेतील निरीक्षकसंघाकडे पाठविले. अशा निरीक्षकाचे कार्य मोजता येते व पडताळताही येते. परंतु ज्या मंडळाने वेध घेण्यापेक्षा येणाऱ्याजाणाऱ्यास आकाश दाखविणे हेच आपले काम मानले, त्याच्या कार्याचा पुरावा कोठे शोधावा? १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झालेले ‘साइडवॉक ॲस्ट्रॉनॉमर्स’, म्हणजे पदपथावरचे ज्योतिर्विद, हे मंडळ या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. त्याने मागे ठेवलेला मुख्य दस्तऐवज कागदाचा नसून लाकूड, पुठ्ठा आणि काच यांचा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या नगराच्या परिसरास खगोलशास्त्र नवे नव्हते. धनिक जेम्स लिक यांच्या देणगीतून माउंट हॅमिल्टनवर उभारलेली, छत्तीस इंची भिंगाची दुर्बीण असलेली वेधशाळा १८८८ मध्ये सुरू झाली. दात्याचे दफनही त्या दुर्बिणीच्या स्तंभाखालीच झाले आहे. १ जानेवारी १८८९ च्या खग्रास सूर्यग्रहणाने निर्माण केलेल्या उत्साहातून त्याच वर्षी ७ फेब्रुवारीस ‘ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ द पॅसिफिक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्यात व्यवसायी व हौशी दोघांनाही स्थान होते. लिक वेधशाळेत शनिवारी रात्री सर्वसामान्यांस प्रवेश असे. तथापि डोंगर चढून दुर्बिणीपाशी लोकांनी जावयाचे, हा क्रम ठरलेला होता.

तो क्रम उलटविणारे जॉन डॉब्सन यांचा जन्म १९१५ मध्ये पेकिंग येथे झाला. १९४३ मध्ये बर्कले येथून रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर पुढील वर्षी ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात दाखल झाले. ही सोसायटी स्वामी विवेकानंदांनी १९०० मध्ये स्थापिली होती आणि त्या वेळी स्वामी अशोकानंद तिचे प्रमुख होते. आधुनिक विज्ञान व वेदान्त यांचा मेळ घालून दाखविण्याचे काम डॉब्सन यांच्याकडे सोपविण्यात आले. जहाजाच्या गोल खिडकीच्या जाड काचेपासून बारा इंचांचा आरसा घासून त्यांनी दुर्बीण तयार केली, तीतून चंद्र पाहिला आणि हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेच पाहिजे असे त्यांच्या मनाने घेतले. १९५८ मध्ये त्यांची रवानगी सॅक्रामेंटोच्या मठात झाली. तेथे रात्री दुर्बीण घेऊन ते आसपासच्या वस्तीत जाऊ लागले. मठाबाहेरच्या स्नेह्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात दुर्बिणीस ‘जिरेनियम’ हे फुलझाडाचे सांकेतिक नाव होते, आणि नळी व बैठक यांसह सिद्ध झालेली दुर्बीण म्हणजे ‘कुंडीतले जिरेनियम’. संन्याशाने रात्रीबेरात्री मठाबाहेर असावे हे कोणत्याही मठाच्या शिस्तीत बसणारे नाही. तेव्हा १९६७ मध्ये त्यांना मठ सोडावा लागला यात दोष कोणाचा, हा वाद निष्फळ आहे.

पुढील वर्षी दोन शाळकरी मुलांच्या सोबतीने त्यांनी मंडळ काढले. त्यांतील एकाने स्वतः बारा इंची दुर्बीण बनविली होती. परंतु वय अवघे बारा वर्षांचे असल्यामुळे प्रस्थापित हौशी मंडळाचे दार त्याला बंद होते. जॅक्सन व ब्रॉडरिक या रस्त्यांच्या चौकात दुर्बीण मांडावयाची आणि जाणाऱ्यास थांबवून चंद्र किंवा शनी दाखवावयाचा, एवढाच कार्यक्रम असे. नगरीच्या दिव्यांच्या उजेडात तेजोमेघ दिसत नाहीत. चंद्र व ग्रह मात्र दिसतात, आणि पदपथावर तेवढे पुरे होते.

आता या दुर्बिणीकडे दस्तऐवज म्हणून पाहू. हिचा आरसा मोठा आहे. बारा इंची आरसा तीन इंची भिंगाच्या सोळा पट प्रकाश गोळा करतो. निरीक्षकाचा डोळा सरावलेला असतो आणि त्याला घाई नसते. रस्त्यावरचा माणूस रांगेत उभा राहून क्षणभर डोकावतो, म्हणून त्याला प्रकाश भरपूर हवा. शिवाय हा आरसा मान्य प्रमाणाहून पातळ आहे, कारण तो मोडीतल्या काचेचा आहे. नळी पुठ्ठ्याची, बांधकामात काँक्रीटचे खांब ओतण्यासाठी वापरतात ती. बैठक म्हणजे एक लाकडी पेटी. ती उभ्या अक्षाभोवती फिरते आणि नळी तीत वरखाली झुकते. घर्षण कमी व्हावे म्हणून टेफ्लॉनच्या चकत्या, आणि आरंभी तर त्यांच्या जोडीला ग्रामोफोनची जुनी तबकडी. पृथ्वीच्या अक्षाशी जुळविलेली, घड्याळी यंत्राने ताऱ्यामागे सरकणारी जी बैठक गंभीर निरीक्षकास अत्यावश्यक वाटे, ती येथे नाहीच. त्यामुळे दीर्घ प्रकाशनाची छायाचित्रे घेता येत नाहीत. व्यवसायी दृष्टीने हे वैगुण्य होय. परंतु ग्रह दृष्टिक्षेत्राबाहेर सरकू लागला की पाहणाराच हाताने नळी ढकलतो व त्याला पुन्हा गाठतो. पृथ्वी फिरते आहे ही गोष्ट त्याला त्या ढकलण्यातच कळते. मुलांनी धक्का दिला तरी सखल, रुंद पेटी उलटत नाही. या यंत्रातील एकही निवड वेधाच्या अचूकतेसाठी केलेली नाही. प्रत्येक निवड काटकसरीसाठी किंवा अनोळखी माणसाच्या हातांसाठी आहे.

पुढे मंडळाने शाळेची एक जुनी बस विकत घेतली, तिचे नाव एका दीर्घिकेवरून ठेवले आणि मोठ्या दुर्बिणी लादून योसेमिटी, ग्रँड कॅन्यन अशा राष्ट्रीय उद्यानांचा रस्ता धरला. तेथील काळोखात तेजोमेघ व दीर्घिकाही दाखविता येऊ लागल्या. ‘डेल्फिनियम’ या चोवीस इंची दुर्बिणीच्या नेत्रिकेपर्यंत पोचण्यास शिडी लागे. आकाश काही उद्यानाचा भाग नव्हे, असा आक्षेप एका रक्षकाने घेतला असता, उद्यान मात्र आकाशाचा भाग आहे, असे उत्तर डॉब्सन यांनी दिल्याचे सांगतात.

डॉब्सन यांच्या विश्वोत्पत्तिविषयक मतांबद्दल मात्र निराळे बोलले पाहिजे. महास्फोटाचा सिद्धान्त त्यांना अमान्य होता. अद्वैताच्या आधारे त्यांनी मांडलेली चिरंतन विश्वाची कल्पना शास्त्रज्ञांनी स्वीकारली नाही, आणि उपलब्ध पुरावा पाहता ते योग्यच झाले. पदपथावर दुर्बिणीसोबत ही मतेही श्रोत्यांच्या कानी पडत. लोकशिक्षणाच्या कोणत्याही इतिहासकाराने हा धोका नजरेआड करू नये. असे असले तरी नेत्रिकेतून दिसणारी शनीची कडी कोणाच्याही मताची मिंधी नव्हती.

१९८० पासून या घडणीच्या दुर्बिणी कारखान्यांतूनही बाहेर पडू लागल्या आणि ‘डॉब्सोनियन’ हे नाव रूढ झाले. महाराष्ट्रात पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मधील, म्हणजे या मंडळाहून चोवीस वर्षांनी वडील. त्यामुळे आपल्याकडील हौशी परंपरा त्या मंडळाची ऋणी आहे असे म्हणता येणार नाही. दुर्बिणीची घडण मात्र इकडे आली आणि रुळली. हाताने आरसा घासून असली दुर्बीण करण्याचे वर्ग पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतही भरले आहेत.

२०१४ मध्ये डॉब्सन निवर्तले. आपल्या घडणीचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते. तिच्या नावीन्याचा विषय निघाला की ते तोफांचा दाखला देत : शतकानुशतके युद्धांतील तोफा याच तऱ्हेच्या गाड्यांवर बसविलेल्या होत्या.