यादीतला एक जण अडला तर?

टोकन वाटायचा प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे एक फॉर लूप, असं आपल्या क्षेत्रातल्या बहुतेकांना वाटतं. यादी घ्या, पहिला पत्ता उचला, पैसे पाठवा, पुढचा पत्ता. हसू नका, इथेरियमवर सुरुवातीला लोकांनी अगदी असंच केलं आणि दणकून आपटले.

एप्रिल २०१६ मधली गोष्ट. 'गव्हर्नमेंटल' नावाचा एक गंमतखेळ होता, म्हणजे खरं तर उघडउघड पॉन्झी. त्यात ११०० इथरचं बक्षीस जमलं, विजेता ठरला, आणि पैसे काही निघेनात! कारण काय, तर बक्षीस देण्याआधी कॉन्ट्रॅक्टला सगळ्या देणेकऱ्यांची यादी पुसायची होती. त्या कामाला ५० लाखांहून जास्त गॅस लागत होता (गॅस म्हणजे तिथलं कामाचं माप, त्यावरच फी लागते) आणि तेव्हा एका व्यवहाराला मिळू शकणारा गॅस ४७ लाखांच्या आसपास. लूप बरोबर होता. यादी लांब होती, एवढंच.

त्याच वर्षी फेब्रुवारीत 'किंग ऑफ द इथर'मध्ये दुसरी गंमत झाली. काही लोकांचे पैसे साध्या खात्यात न जाता कॉन्ट्रॅक्ट-वॉलेटकडे जायचे, तिथे ते घ्यायला पुरेसा गॅस नसायचा, पाठवणी फसायची आणि पाठवणाऱ्याला पत्ताच नाही. म्हणजे दोन टोकं झाली बघा. चूक तपासली नाही तर एकाचे पैसे गुपचूप बुडतात. कडक तपासली तर एक नापास झाला की अख्खा व्यवहार उलटतो आणि बाकीचे नऊशे नव्व्याण्णव जण उपाशी.

आता जरा गावाकडे येऊ. मी नेरचा, म्हणजे नेर परसोपंत, जिल्हा यवतमाळ. आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर आणि सरकारी याद्या ही चार मुख्य पिकं. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला (योजना त्याआधीची, १९७२ च्या दुष्काळात वाढलेली). तिचं मस्टर हेच आमच्या भागातलं सर्वात जुनं बॅच-पेमेंट म्हणायला हवं. नाव, दिवस, रक्कम, शेवटी अंगठा. एखादी बाई वाटपाच्या दिवशी आली नाही तर तिची ओळ कोरी राहायची, पुढचीची मजुरी अडायची नाही. चूक पकडा, नोंदवा, पुढे चला. गैरप्रकार भरपूर झाले, खोटी नावं घुसली, ते सगळं खरं. पण लूपची रचना शहाणी होती.

मग रिझर्व्ह बँकेने १९९० च्या दशकात ईसीएस आणलं. डिव्हिडंड, व्याज, पगार यांसाठी, एका खात्यातून वजा आणि हजारो खात्यांत जमा. पुढे एनपीसीआयचं नाच आलं (नावावर जाऊ नका), आणि आधारवर पैसे पाठवणारा आधार पेमेंट ब्रिज. या सगळ्यांत मस्टरचीच युक्ती आहे. ज्या ओळी जमल्या त्या जमल्या, उरलेल्या कारणासकट परत.

२८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधान यवतमाळला आले आणि तिथून पीएम-किसानचा १६ वा हप्ता सुटला. २१ हजार कोटींहून जास्त रक्कम, ९ कोटींहून जास्त शेतकरी. जोडीला राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा दुसरा-तिसरा हप्ता, सुमारे ३८०० कोटी, ८८ लाख लाभार्थी. बटण एक! इथेरियमच्या मूळ साखळीवर सेकंदाला १५ व्यवहार धरले तर ९ कोटी जणांना एकेक करून पाठवायला ६० लाख सेकंद लागतील, म्हणजे जवळजवळ सत्तर दिवस. 'ब्लॉकचेन सरकारी बँकिंग संपवणार' म्हणणाऱ्या मित्रांना मी हा हिशोब दाखवतो. ते विषय बदलतात.

पण बटणापुढे काय होतं ते बाबांनी शिकवलं. एकदा त्यांचा हप्ता आला नाही. फोनवर म्हणाले, "तुह्या त्या कॉम्प्युटरात पाह्य बरं, माहे पैसे कुठं गेले." पोर्टलवर 'जमा' दिसत होतं. अर्जात पासबुक एका बँकेचं, पण आधार नंतर दुसऱ्याच बँकेत जोडलं गेलेलं. आधार ब्रिजचा मॅपर खातं नाही, बँक लक्षात ठेवतो, आणि तीही सर्वात शेवटी जोडलेली. पैसे बाबांच्याच एका विसरलेल्या खात्यात आरामात पडले होते. सिस्टीमच्या दृष्टीने ही ओळ पास.

यादीच चुकीची असेल तर काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलंय. २०१७ च्या जूनमध्ये ३४ हजार कोटींची, दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. ऑनलाइन अर्ज, दिवाळीत प्रमाणपत्रं वाटूनही झाली, आणि मग कळलं की एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे आहे. बँकांच्या याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या, वाटप रखडलं. सॉफ्टवेअरला शिव्या पडल्या. माझ्या मते निम्म्याहून जास्त दोष इनपुटचा होता.

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतीराव फुले योजना जाहीर झाली, मर्यादा दोन लाख. या वेळी रचना उलटी केली. फेब्रुवारी २०२० पासून याद्या आधी प्रसिद्ध झाल्या. प्रत्येक नावापुढे विशिष्ट क्रमांक. शेतकऱ्याने सेवा केंद्रात जायचं, रक्कम बघायची, अंगठा लावायचा, मान्य नसेल तर तिथेच तक्रार. मग पैसे कर्जखात्यात. म्हणजे सरकारने ढकलायचं नाही, शेतकऱ्याने ओढायचं.

आणि सप्टेंबर २०२० मध्ये, अवघ्या सात महिन्यांनी, युनिस्वॉपने अडीच लाखांच्या आसपास पत्त्यांना प्रत्येकी ४०० युनी टोकन दिले, ते याच पद्धतीने! यादी साखळीच्या बाहेर. प्रत्येक ओळीचा हॅश, दोन-दोन हॅश जोडून त्यांचा पुन्हा हॅश, असं करत शेवटी ३२ बाइटचा एकच आकडा. हे मर्कल ट्री, १९७९ मधलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये फक्त तो आकडा. ज्याला हवं त्याने आपली ओळ आणि सोबत अठराएक हॅश घेऊन यायचं. कुणी आलं नाही तर कुणाचं अडत नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन टोकांना एकच उत्तर सापडलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

फक्त एक बारीक अक्षरातली ओळ दोन्हीकडे सारखीच आहे. ढकलताना खर्च पाठवणाऱ्याचा, ओढताना घेणाऱ्याचा. युनिस्वॉपवाल्यांनी आपापला गॅस स्वतः भरला. परवडलाही, ४०० युनी तेव्हा हजार डॉलरच्या वर होते. नेरच्या आसपासच्या खेड्यातल्या माणसाचा गॅस म्हणजे एसटीचं तिकीट, सेवा केंद्राची रांग, बुडालेला दिवस, आणि कापूस वेचून घासलेला अंगठा मशीनवर उमटला नाही तर दुसरी चक्कर.